ऑनलाइन लिलाव : बोली चढते ती विश्वासावर

घरातील जुनी नाणी, टपाल तिकिटे, कॅमेरे वा घड्याळे विकून चार पैसे मिळावेत, ही शहरी मध्यमवर्गाची अपेक्षा नवी नाही. पूर्वी त्यासाठी मुंबईच्या चोर बाजाराची किंवा पुण्याच्या जुन्या बाजाराची वाट धरावी लागे. इंटरनेटने या बाजाराच्या सीमा पुसून टाकल्या. मात्र, वस्तू लिलावात मांडली की तिची किंमत आपोआप चढते, हा समज अनेक विक्रेत्यांना महागात पडतो. किंमत चढते ती बोली लावणाऱ्यांच्या चुरशीमुळे आणि ही चुरस उभी राहते ती विक्रेत्यावरील विश्वासावर.

मोडक्या वस्तूलाही गिऱ्हाईक

पिएर ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या आणि पुढे 'ईबे' या नावाने गाजलेल्या संकेतस्थळावर प्रारंभी विकली गेलेली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर. त्याला १४.८३ डॉलर मिळाले. वस्तू मोडकी असल्याची कल्पना ग्राहकाला होती. त्याला नेमकी तशीच वस्तू हवी होती. दोष उघडपणे सांगूनही योग्य ग्राहक मिळतो, हे या व्यवहाराने दाखवून दिले.

या लिलावाची रीत समजून घेणे आवश्यक आहे. ग्राहक आपली कमाल रक्कम नोंदवतो आणि संगणक त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेतो. त्यामुळे विजेत्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा किंचित अधिक रक्कम मोजावी लागते. अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सिद्धांताशी ही पद्धत जवळचे नाते सांगते. विक्रेत्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. एकच हौशी ग्राहक पुरेसा नाही, किमान दोघे हवेत.

कमी किमतीची जोखीम

प्रारंभिक किंमत कमी ठेवल्यास अधिक लोक बोलीत उतरतात आणि अंतिम किंमत वाढू शकते, असा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काढण्यात आला होता. मात्र, वस्तूच्या नावाचे स्पेलिंग चुकल्यामुळे ती शोधात सापडत नसेल, तर हीच युक्ती उलटते, असेही त्यात आढळले. म्हणजे ग्राहक ज्या शब्दांनी शोध घेईल, ते शब्द शीर्षकात असणे ही पहिली अट. मागणी विरळ असलेल्या दुर्मीळ वस्तूसाठी राखीव किंमत ठरवणेच शहाणपणाचे. स्वतःच्या वस्तूवर मित्रांकरवी बोली लावून घेणे, हा आडमार्ग नियमबाह्य तर आहेच. उघडकीस आल्यास तो कमावलेला नावलौकिकही घालवतो.

त्या नावलौकिकाचे मोल मोजताही येते. जुन्या पोस्टकार्डांच्या विक्रीवर झालेल्या आणि २००६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच विक्रेत्याने सारखाच माल स्वतःच्या जुन्या आणि काही नव्या नावांनी मांडला. जुन्या, चांगले अभिप्राय लाभलेल्या नावाला सुमारे ८ टक्के अधिक किंमत मिळाली. स्वच्छ छायाचित्रे, दोषांचा स्पष्ट उल्लेख, टपालखर्चाची आगाऊ माहिती आणि वेळेवर पाठवणी यांतूनच हे अभिप्राय जमतात.

लिलाव संपण्याची वेळही महत्त्वाची ठरते. ठरल्या क्षणी बंद होणाऱ्या लिलावात अखेरच्या मिनिटांत बोलींची झुंबड उडते, हे ॲल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ऑकेनफेल्स यांनी २००२ मध्ये दाखवून दिले. अमेरिकी ग्राहकांसाठी माल मांडणाऱ्या भारतीय विक्रेत्याने तेथील सायंकाळ, म्हणजेच आपली पहाट वा सकाळ, लक्षात घेतलेली बरी.

भारतात वेगळे चित्र

भारतात २००० मध्ये सुरू झालेले 'बाझी डॉट कॉम' २००४ मध्ये ईबेने विकत घेतले. ईबेचा भारतीय व्यवसाय २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ मध्ये ते भारतीय संकेतस्थळ बंद झाले. बँकांकडील तारण मालमत्ता, सरकारी भंगार आणि कलाकृती यांचे ई-लिलाव सुरू आहेत. घरगुती विक्रेत्याच्या वाट्याला मात्र बहुतांशी छोट्या जाहिराती आणि घासाघीसच उरली आहे.

या पोकळीचा लाभ भामटे उठवतात. जुन्या नाण्याला लाखो रुपये देण्याचे आमिष दाखवायचे आणि शुल्क वा कराच्या नावाखाली आधी पैसे उकळायचे, हा त्यांचा शिरस्ता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याविषयी सावध केले होते. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कोणतेही शुल्क मागत नाही, असे बँकेने स्पष्ट केले होते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत, हेही अनेकांच्या गावी नसते.

खऱ्या लिलावात बोली उघड असते, ग्राहकांत चुरस असते आणि पैसा ग्राहकाकडून विक्रेत्याकडे येतो. एकही प्रतिस्पर्धी नसताना मोठा आकडा सांगून विक्रेत्याकडेच आधी पैसे मागणारा हा ग्राहक नव्हेच. वस्तू विकण्याची घाई कितीही असली, तरी एवढी खूणगाठ प्रत्येक विक्रेत्याने बांधायला हवी.