बापूजींचा उत्तरार्ध
निवृत्तीनंतर कसं जगावं हे शिकवणारी पुस्तकं हल्ली ढिगानं मिळतात. त्यांतली निम्मी सकाळच्या फिरण्यावरच दमतात. वणीत १८८० साली जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी असलं काही लिहिलं नाही. १९५२मध्ये बिहारचं राज्यपालपद सुटलं तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. पुढे ते नागपुरातून लोकसभेवर गेले. शिवाय उतारवयात लोकमान्यांचं चरित्र ‘तिलकयशोऽर्णव’ रचत राहिले, संस्कृतात, बारा हजारांवर श्लोक! एवढं वाचणार कोण, हा हिशेब त्यांनी मांडला नसावा. मला तर त्यातच खरी गंमत वाटते. १९६८मध्ये बापूजी गेले. या ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९७३मध्ये.