मणक्यातील सिमेंट आणि आपली कटिबस्ती

द्वारका चौकात पुण्याचा रस्ता मुंबई-आग्रा महामार्गास मिळतो. सिन्नर, इगतपुरी, चांदवड अशा तिन्ही दिशांचे रुग्ण नाशिकच्या या परिसरात येतात आणि त्यांत कंबर धरून येणाऱ्या वृद्धा नित्याच्याच. बहुतेकींच्या केसपेपरवर ‘कटिग्रह’ लिहिले जाते व कटिबस्ती सुरू होते. आमचा आक्षेप येथेच आहे.

साठी उलटलेली स्त्री, हंडा उचलताना वा नुसती शिंक येताच पाठीत उसण भरल्याचे सांगते. कूस बदलताना कळ येते, एका विशिष्ट मणक्यावर बोट टेकवताच ती कळवळते. हे चित्र अस्थिक्षयजन्य भग्नाचे असू शकते. अशा पाठीवर मर्दन करणे म्हणजे चिकित्सा नव्हे. आधी क्ष-किरण चित्र हवे, आणि भग्न ताजे की जुने हे त्यात न उमगल्यास एम.आर.आय. हवा. रात्री वाढणारी वेदना, ज्वर, वजन घटणे, पायांतील बळ जाणे वा मूत्रावरोध आढळल्यास तर एक दिवसही दवडू नये. क्षयरोग वा अर्बुद तेथे दबा धरून असू शकते.

अशा रुग्णांना हल्ली ‘मणक्यात सिमेंट भरण्याचा’ सल्ला मिळतो. १९८४ साली फ्रान्समधील आमियाँ येथे ही व्हर्टिब्रोप्लास्टी प्रथम झाली. क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाखाली सुईवाटे पिचलेल्या मणक्यात अस्थिसिमेंट सोडतात. कायफोप्लास्टीत आधी फुगा फुगवून पोकळी करतात. टाके नाहीत, रुग्ण बहुधा लवकर घरी जातो. मात्र सिमेंट मज्जारज्जूकडे वा शिरांवाटे फुप्फुसात गेल्यास प्रसंग गंभीर होतो.

ही जादू आहे काय? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत खरी व लटकी शस्त्रक्रिया यांत फरक दिसला नाही. २०१६ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सहा आठवड्यांच्या आतील, तीव्र वेदनेच्या भग्नांत लाभ दिसला. २०१८ च्या डच चाचणीत पुन्हा तो दिसला नाही. म्हणजे सरसकट भलामण चुकीची, आणि ‘परक्यांचे खूळ’ म्हणून धुडकावणेही चुकीचेच. पुरेशा विश्रांतीने व वेदनाशमनाने अंथरूण न सुटणारा ताजा भग्नरुग्ण अस्थिशल्यविशारदाकडे वेळेत पोहोचावा. महिनाभर आपल्याकडे तेल जिरवून मग पाठवणे हा त्या रुग्णावर अन्याय आहे.

सुश्रुताचार्यांनी पृष्ठवंशभग्नास कपाटशयन सांगितले. संधान प्रथम वयात एका मासात, मध्यम वयात दोन, उत्तर वयात तीन मासांत होते, असेही नोंदवले. फळीवर निजवून, खुंट्यांनी जखडून स्थैर्य देण्याची ती दृष्टी आजच्या पट्ट्याहून फार निराळी नाही. (पट्टा दिला की काम संपले, असे मानणारेही आहेतच.)

सिमेंट एक मणका सावरते. अस्थिधातू क्षीण तो क्षीणच राहतो, आणि पुढे शेजारचा मणका पिचण्याची भीती उरते. आहार, उन्हात बसणे, पडण्यापासून रक्षण, अस्थिघनतेची तपासणी व आधुनिक औषधे चालू असल्यास ती न तोडणे, हे आपणच पाहावे. अस्थिप्रदोषज विकारांत चरकाचार्यांनी सांगितलेल्या तिक्तसिद्ध क्षीर-घृताचा व बस्तीचा विचार भग्न स्थिर झाल्यावर करावा. तोवर कटिबस्तीचे पीठ मळू नये.