उसना खेळ

दहावीचा निकाल लागला, की पालक मला एक प्रश्न विचारतात. गेली तीन-चार वर्षं तो वाढलाच आहे. "मॅडम, पोराला प्लेस्टेशन कबूल केलंय. दुकानदार दोन दाखवतो. सीडी लागणारं महाग, बिनसीडीचं स्वस्त. कोणतं घ्यावं?" उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न का, असं कुणालाही वाटेल. पण वर्गातली पोरं काय खेळतात हे बाईंना माहीत असतं, एवढं पालकांनी ओळखलेलं आहे.

आधी आकडे पाहू. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी विक्रीला आलं. सीडीवाल्याची किंमत 49,990 रुपये होती, बिनसीडीच्याची 39,990. पुढे किमती वाढल्या. आतलं यंत्र तेच, चित्र तेच, वेग तोच. फक्त सीडी घालायची फट नाही. एक फट बुजवली म्हणून दहा हजार रुपये सोडणारा व्यापारी मी जळगावच्या फुले मार्केटात पाहिलेला नाही, धुळ्याच्या आग्रा रोडवरही नाही. मग ही जपानी कंपनी का सोडते?

या धंद्याचा हिशेब आपल्या किराणा दुकानापेक्षा वेगळा आहे. यंत्र पुष्कळदा पडत्या भावात विकतात. 2006 साली आलेलं प्लेस्टेशन 3 तर बनवायच्या खर्चापेक्षाही कमी किमतीला विकलं जात होतं. कमाई असते ती पुढच्या खेळांवर. दुसऱ्या कुणी बनवलेला खेळ कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून विकला गेला, तर साधारण तीस टक्के वाटा कंपनी ठेवते. सीडी असेल तर गिऱ्हाईक दोन दुकानांत भाव विचारतं, जुनी सीडी निम्म्या पैशांत घेतं, खेळून झाली की विकतं किंवा चुलतभावाला देतं. सीडीच नसेल तर दुकान एकच उरतं, कंपनीचं. भाव तिचा, आणि परत विकायची सोय नाही. म्हणजे ते दहा हजार सोडलेले नसतात, पुढं हळूहळू वसूल व्हायचे असतात. नवा मोठा खेळ चार-पाच हजारांना मिळतो, त्यावरून किती दिवस लागतील ते तुम्हीच काढा.

आता माझ्या वयाच्या वाचकांना जुना टीव्ही गेम आठवत असेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिळणारी ती यंत्रं बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल होती. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै 1983 मध्ये आलं होतं. आपल्याकडे 'समुराई' वगैरे नावांनी ती नक्कल विकली जाई. यंत्राला दोन रिमोट आणि सोबत एक पिवळी किंवा काळी कॅसेट. कॅसेटवर लाखो खेळ असल्याचं छापलेलं असे, प्रत्यक्षात पंधरा-वीस निघत. मे महिन्यात खान्देशात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्या वेळी दारं-खिडक्या लावून, कूलर लावून, एका टीव्हीपुढे खालाची मुलं, फुफीची मुलं, शेजारचा एखादा, अशी आठ-दहा पोरं बसलेली असत. दोघं खेळत, बाकीचे नंबर लावून ओरडत. मारिओ मेला की रिमोट पुढच्याच्या हातात. आणि कॅसेट? ती कधी आपल्या घरी नसेच. ती गल्लीत फिरत असे. आपली त्यांच्याकडे, त्यांची आपल्याकडे, तिसऱ्याची दोघांकडे.

त्या कॅसेटा चोरीच्या होत्या, हेही इथेच लिहून ठेवते. ज्यांनी ते खेळ बनवले त्यांना आपल्या पैशातला एक येनही गेला नाही. म्हणून त्या काळाचं उगाच कौतुक करायला नको. मला बोलायचं आहे ते कॅसेट गल्लीत फिरण्याबद्दल.

सूरह माऊन आपल्या सगळ्यांना पाठ असते, मुलांना नमाजसाठी लहानपणीच शिकवतो. तिच्या शेवटी ज्या लोकांची निंदा आहे, ते दिखाव्यासाठी नमाज पढतात आणि 'माऊन' देण्याचं नाकारतात. काही भाष्यकारांनी माऊन म्हणजे जकात असा अर्थ घेतला आहे. पण हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांच्यापासून चालत आलेला अर्थ म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तू, शेजाऱ्यानं मागितल्या तर सहज द्याव्यात अशा : भांडं, बादली, कुऱ्हाड. उर्दूत अशा देण्याला 'आरियत' म्हणतात. कर्ज वेगळं, आरियत वेगळी. कर्जात घेतलेली रक्कम फेडायची, नोट कोणतीही चालते. आरियतीत तीच वस्तू परत करायची. मराठीत आपण दोन्हीला 'उसनं' म्हणतो, पण उसनी साखर आणि उसना पाटा यांतला फरक प्रत्येक घरातल्या बाईला कळतो. गल्लीतून फिरणारी कॅसेट ही पोरांची आरियत होती.

मोठ्या कंपन्यांना नेमकी हीच गोष्ट खुपते. 2013 च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं 'एक्सबॉक्स वन' जाहीर केलं. त्याचे नियम ऐकून जगभरचे खेळाडू भडकले. यंत्रानं दर चोवीस तासांत एकदा इंटरनेटला जोडून घ्यायचं, नाहीतर खेळ बंद. (त्या सालात आपल्याकडच्या भारनियमनात हे यंत्र किती दिवस चाललं असतं, देव जाणे.) सीडी मित्राला द्यायची तर एकदाच, आणि तोही मित्र यंत्रावरच्या यादीत किमान तीस दिवसांपासून असलेला हवा. मैत्रीला महिन्याची अट! जूनमध्ये सोनीनं आपल्या यंत्राची जाहिरात करताना एक छोटी चित्रफीत दाखवली : खेळ उसना कसा द्यावा. एका माणसानं दुसऱ्याच्या हातात सीडी दिली, त्यानं 'धन्यवाद' म्हटलं, संपलं. लोक हसले आणि कुणाचं यंत्र घ्यायचं ते त्यांनी ठरवलं. 19 जून रोजी मायक्रोसॉफ्टनं ते नियम मागे घेतले, पण नाव गेलं ते गेलं. पुढे प्लेस्टेशन 4 एक्सबॉक्स वनच्या दुपटीहून अधिक खपलं. खेळणाऱ्याची मजा आणि कंपनीचा नफा एकमेकांचे वैरी असतातच असं नाही, हे यातून दिसतं.

आणि तीच सोनी सात वर्षांनी बिनसीडीचं यंत्र घेऊन आली. 2013 मध्ये जे हुकूम म्हणून लादता आलं नाही, ते 2020 मध्ये सवलत म्हणून विकता आलं. मायक्रोसॉफ्टनं तर त्याच्या वर्षभर आधीच बिनसीडीचा एक्सबॉक्स काढला होता. मला या हुशारीचं जरा कौतुकच वाटतं. आपण मनाईवर चिडतो आणि सूट म्हटली की रांग लावतो.

पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाची छोटी कंपनी आहे. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ तिनं बनवला. राजी नावाची मुलगी हरवलेल्या भावाला शोधत जाते. कथा पुराणातली आहे, देव-दानवांची. आपल्या घरात ती दाखवायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, मी धंद्याबद्दल बोलते आहे. या खेळासाठी लोकवर्गणीनं पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तेव्हा संस्थापकांपैकी एकीनं स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. 2020 मध्ये खेळ आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम ॲवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या यादीत त्याला नामांकन मिळालं. महाराष्ट्रात बनलेला खेळ जगभरच्या कन्सोलवर गेला. अशा लोकांचं काय? आपण जुनी सीडी विकत घेतो तेव्हा बनवणाऱ्याला काही मिळत नाही. उसनी घेतो तेव्हाही नाही. नफा कमावणं ही आपल्याकडे लाजेची गोष्ट नाही, आपले प्रेषित (स.) स्वतः व्यापारी होते. तेव्हा कंपनीनं पैसे मिळवूच नयेत असं कोण म्हणेल? पण पुस्तक लिहिणाराही हेच सोसत आला आहे. त्याचं एक पुस्तक वाचनालयात शंभर जण वाचतात, म्हणून कुणी पुस्तकाला कुलूप लावून विकत नाही.

नफा घटला तर तो सोसायचा कुणी, यावर निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांचं उदाहरण मी वर्गातही सांगते. 2011 मध्ये त्यांचं '3डीएस' हे हातातलं यंत्र खपेना. अवघ्या काही महिन्यांत किंमत 25,000 येनवरून 15,000 वर आणावी लागली. इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला. ज्यांनी आधीच पूर्ण किमतीला यंत्र घेतलं होतं, त्यांना वीस जुने खेळ फुकट दिले. 2014 मध्ये पुन्हा तोटा झाला, तेव्हा पुन्हा पाच महिने निम्मा पगार घेतला. नोकरांना काढून ताळेबंद सुधारायला त्यांनी नकार दिला. 2015 च्या जुलैत ते वारले. ते मुसलमान नव्हते, पण आधी घेतलेल्या गिऱ्हाइकाची भरपाई करणं ही व्यवहारातली अमानत आहे आणि ती त्यांनी पाळली.

उलट टोकाला फुटबॉलचा तो प्रसिद्ध खेळ आहे, जो आता 'ईए स्पोर्ट्स एफसी' नावानं येतो. पूर्वी त्याला 'फिफा' म्हणत, पोरं अजूनही म्हणतात. पूर्ण किमतीला खेळ घेतल्यावर आत पुन्हा खेळाडूंची बंद पाकिटं विकायला असतात. पाकिटात मोठा खेळाडू निघेल की भलताच, ते पैसे भरल्यावर कळतं. बेल्जियमच्या जुगार आयोगानं 2018 मध्ये याला जुगार ठरवलं आणि जानेवारी 2019 अखेर कंपनीला तिथली ही विक्री थांबवावी लागली. आपल्याला त्यासाठी बेल्जियमला जायची गरज नाही. मैसिर काय असतं ते सूरह माइदानं सांगून ठेवलं आहे. प्लेस्टेशन घेणाऱ्या घरानं खात्यावर कार्ड जोडून ठेवू नये आणि खर्चाला पासवर्ड लावावा, एवढं मी प्रत्येक पालकाला सांगते.

खेळच मुळात वाईट, असं म्हणणारे वाचकही आहेत, त्यांची पत्रं येतात. प्रेषित (स.) हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावत, एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा आपण जिंकले. मशिदीत हबशी भाल्यांचे खेळ करत होते, ते आयशांना दाखवले. खेळाला जागा आहे. त्या दोन्ही गोष्टींत माणसं सोबत होती, हे मात्र विसरू नये. प्लेस्टेशन 5 च्या खोक्यात रिमोट एकच असतो. दुसरा आला तेव्हा 5,990 रुपयांना होता. एका टीव्हीवर दोघांनी खेळायचे खेळ कमी होत चालले. दूरच्या मित्राबरोबर बहुतेक विकतचे खेळ खेळायचे तर 2013 पासून वेगळी वर्गणी भरावी लागते, आधीच्या यंत्रावर ते फुकट होतं.

सीडी घेतली म्हणजे सगळं मिळालं असंही समजू नका. 'द क्रू' हा 2014 चा मोटार शर्यतीचा खेळ युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं 31 मार्च 2024 ला बंद केला. तो कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतच नव्हता, त्यामुळे ज्यांच्या घरात सीडी होती त्यांच्याही हातात नुसती चकती राहिली. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि जुलै 2025 पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं कायदाच केला : डिजिटल वस्तू विकताना, ही विक्री नसून फक्त वापराचा परवाना आहे, हे गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगायचं. 1 जानेवारी 2025 पासून तो लागू आहे. आपल्या फिकहमध्ये बेचणं आणि भाड्यानं देणं हे दोन वेगळे करार आहेत, त्यांच्या अटी वेगळ्या. भाड्याच्या वस्तूवर 'खरेदी करा' असं बटण लावणं आपल्या बाजारात चाललं नसतं.

म्हणून मी पालकांना उत्तर देते : घ्यायचंच असेल तर फट असलेलं घ्या. पहिल्या दिवशी पैसे जास्त जातील. इंटरनेटशिवाय चालणारा, दोन जणांनी एकत्र खेळायचा खेळ आधी विचारा. दुसरा रिमोट त्याच खर्चात धरा, नंतर तो येत नाही.

मुलं यावर तोडगा काढतात, पासवर्डच एकमेकांना देतात. धुळ्याचा मामेभाऊ जळगावच्या खात्यावर खेळतो. मला एका आठवीतल्यानं विचारलं, "टीचर, ही आरियत नाही का?" एका घरात, एका यंत्रावर सगळ्यांनी खेळायला कंपनी परवानगी देते, तशी सोय यंत्रातच आहे. खातं दुसऱ्या घरी द्यायला मात्र करारात मनाई आहे, आणि आपण 'मान्य' दाबून तो करार केलेला असतो. सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या हुकुमानं होते, तेव्हा पासवर्ड नको. सीडीला असली काही अट नाही. एरंडोल-पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीत कुणी ओळखीचं असलं, तर संध्याकाळपर्यंत ती धुळ्यात असते.