प्राणरक्षक यंत्र कसें निवडावें?

आमचा एक जुना विद्यार्थी सध्यां या जिल्ह्यांतील एका साखर कारखान्यांत कामगार-कल्याण अधिकारी आहे. गेल्या पंधरवड्यांत तो आमच्या घरीं आला आणि पिशवींतून तीन माहितीपत्रकें काढून त्यानें आमच्यापुढें ठेवलीं. "सर, कारखान्यासाठीं एईडी घ्यावयाचें ठरलें आहे. स्वस्त घ्यावें कीं महाग, तेवढें सांगा." आम्हीं हंसून म्हटलें, "अरे, आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि पुढें संस्कृताचें. विजेच्या यंत्रांतलें आम्हांस काय कळणार?" तथापि हा विषय आम्हांस टाळवेना. त्याचें कारण आधीं सांगितलें पाहिजे.

१९८९ सालची गोष्ट. मधल्या सुटींत शिक्षकांच्या खोलींत आमचे एक सहकारी बोलतां बोलतां खुर्चीवरून खालीं कोसळले. आम्ही अकरा जण तेथें होतों, सर्व शिकलेले. कोणीं कांदा फोडून हुंगविला, कोणीं तोंडावर पाणी मारलें, कोणी रिक्षा आणण्यास धांवला. छाती दाबावी हें एकासहि सुचलें नाहीं, कारण एकासहि तें ठाऊक नव्हतें. रुग्णालयांत पोंचेपर्यंत सर्व संपलें होतें. अज्ञान आमचें होतें. त्याची किंमत मात्र त्या सज्जनानें दिली.

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया एकाएकीं बंद पडणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलींत हृदयाच्या रक्तवाहिनींत अडथळा येतो व मनुष्य बहुधा शुद्धीवर असतो. दुसरींत बहुतेक वेळां हृदयाची लय बिघडून तें नुसतें थरथरूं लागतें, रक्त पुढें जात नाहीं आणि मनुष्य कांहीं क्षणांत बेशुद्ध होतो. ही थरथर मोडण्यास विजेचा धक्काच लागतो. १९४७ सालीं अमेरिकेंत क्लॉड बेक या शल्यवैद्यानें शस्त्रक्रिया चालूं असतां एका चौदा वर्षांच्या मुलाचें हृदय अशा धक्क्यानें पुनः चालूं केलें. १९६५ सालीं बेलफास्ट येथें डॉक्टर पँट्रिज यांनीं असें यंत्र रुग्णवाहिकेंत नेलें. त्याचें वजन सुमारें ७० किलो होतें. आज तेंच काम दोन-तीन किलोंची पेटी करते आणि पुढें काय करावयाचें तेंहि बोलून सांगते.

धक्का व छातीदाब यांवांचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाबरोबर वांचण्याची आशा शेंकडा सात ते दहानें घटते. याविषयींचा एक उत्तम धडा अमेरिकेंतील जुगारघरांतून मिळाला आहे. स्थळ आमच्या वाचकांस रुचणार नाहीं, परंतु धडा खरा आहे. तेथील पहारेकऱ्यांस हें यंत्र शिकविलें होतें. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत असें दिसलें कीं, लोकांदेखत अशा थरथरीनें कोसळलेल्या ज्या रुग्णांस तीन मिनिटांच्या आंत धक्का मिळाला, त्यांपैकीं शेंकडा ७४ बरे होऊन घरीं गेले. उशीर झालेल्यांपैकीं शेंकडा ४९.

तेव्हां पहिला प्रश्न किंमतीचा नसून अंतराचा आहे. आम्हीं त्यास विचारलें, "यंत्र ठेवणार कोठें?" तो म्हणाला, "दवाखान्यांत." गळीत हंगामांत कारखाना तीन पाळ्यांत अहोरात्र चालतो, दवाखाना मात्र सायंकाळीं कुलूपबंद! ज्या जिल्ह्यांत १९५० सालीं प्रवरानगरचा कारखाना सुरू होऊन सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, तेथील वाचकांस कारखान्याचें आवार केवढें असतें हें सांगणें नको. काटा, गव्हाण, मिल, बॉयलर आणि साखरेचें गोदाम यांपैकीं कोठेंहि मनुष्य पडला तरी जाऊन यंत्र घेऊन परत येण्यास तीन मिनिटांहून अधिक लागूं नयेत. हें घड्याळ घेऊन, स्वतः चालून पाहावें. नकाशावर पाहूं नये.

दुसरी गोष्ट जागेच्या स्वभावाची. कारखान्यांत भुसा उडतो, फरशी ओली असते. म्हणून यंत्राचा 'आयपी' अंक पाहावा; त्यांतील पहिला आंकडा धुळीपासूनचें व दुसरा पाण्यापासूनचें संरक्षण दाखवितो. आयपी ५५ असल्यास अशा ठिकाणीं बरें. बहुतेक यंत्रें पन्नास अंश उष्णतेपर्यंतचींच असतात, म्हणून बॉयलरच्या भिंतीस तीं टांगूं नयेत. मिलच्या गडगडाटांत आवाज ऐकूं येत नाहीं, यास्तव चित्रें दाखविणारा पडदा असलेलें यंत्र उत्तम. सूचना मराठींत वा निदान हिंदींत मिळतात कां, हें स्वतः ऐकून घ्यावें. ऊसतोडणी कामगारांचीं मुलेंहि आवारांत येतात. आठ वर्षांखालील मुलांकरितां सौम्य धक्क्याची सोय असावी.

तिसरी गोष्ट पुढील खर्चाची. छातीस चिकटवावयाचे पॅड व बॅटरी यांची मुदत बहुधा दोन ते पांच वर्षांत संपते. ते नवे कोठें मिळतील व केवढ्यास, हें खरेदीपूर्वींच लेखी घ्यावें. यंत्र स्वतःची तपासणी करून हिरवा दिवा दाखवितें. तो दिवा रोज पाहण्याचें काम एका ठराविक माणसाकडे द्यावें. पेटीबरोबर कात्री, वस्तरा व पंचा ठेवावा, कारण घामेजल्या छातीस पॅड नीट चिकटत नाहीं.

राहतां राहिलें भय. "निरोगी माणसास धक्का बसला तर?" असें त्यानें विचारलें. यंत्र आधीं हृदयाची लय तपासतें आणि गरज नसल्यास धक्का देतच नाहीं. अर्धस्वयंचलित यंत्रांत कळ आपण दाबावयाची. पूर्ण स्वयंचलित यंत्र सर्वांस दूर होण्यास सांगून धक्का स्वतः देतें. तोंवर १०८ क्रमांकास कळवावें आणि छातीच्या मध्यभागीं, मिनिटास १०० ते १२० वेळां, पांच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावें. हें हातांचें काम कोणतेंहि यंत्र करून देत नाहीं. तें प्रत्येक पाळींतील माणसांस शिकविलें पाहिजे, आणि पहारेकऱ्यास सर्वांआधीं.

गेल्या रविवारीं त्याचा फोन आला. महाग असें एक यंत्र घेण्याऐवजीं मध्यम किंमतीचीं दोन घेण्याचें ठरलें. एक टाईम ऑफिसच्या बाहेरील भिंतीवर, दुसरें मिलच्या दाराशीं, दोन्ही विनाकुलूप. "सर, शिकवणीस तुम्हीहि या," असें तो म्हणाला. आम्ही जाणार आहों. गुडघे टेकून वांकणें या वयांत थोडें जड जाईल. पण तें आम्हीं १९८९ पूर्वींच शिकावयास हवें होतें.