नाव आणि पाणी

बाबेलच्या बुरुजाची कथा बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्याच ग्रंथात येते. शिनार देशीच्या लोकांनी दगडाऐवजी भाजलेल्या विटा घेतल्या आणि आकाशाला भिडणारा बुरूज उभारून आपले नाव करण्याचे ठरविले. देवाने त्यांच्या भाषेचा घोटाळा केला. कोर्नेलिस अँथोनिस याच्या १५४७ च्या कोरीव चित्रात हा बुरूज कोसळताना दाखविला आहे. वस्तुतः मूळ कथेत तो कोसळतच नाही! एकाचे बोलणे दुसऱ्यास कळेनासे होते आणि नगराचे बांधकाम थांबते, एवढेच. गुस्ताव दोरे याच्या १८६६ च्या बायबलातील चित्र कथेशी अधिक प्रामाणिक आहे. तेथे बुरूज उभाच असून पायथ्याशी माणसे आकांत करीत आहेत. विटा भाजणाऱ्यांची नावे मात्र ना ग्रंथात आहेत, ना चित्रांत.

अशी कोरीव चित्रे आपल्या देशातही लवकर पोचली. गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी १५८० मध्ये अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल अकबरास नजर केले आणि मुघल चितारी युरोपीय चित्रांच्या नकला करू लागले. त्याच अकबराच्या पणतूने १६५३ मध्ये दख्खनच्या एका शहरास स्वतःचे नाव दिले. गुलमंडी ही त्याच शहराची जुनी बाजारपेठ. त्यापूर्वी मलिक अंबरच्या मुलाने ते फतेहनगर केले होते. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरने मात्र १६१० मध्ये खडकी वसविताना शहराला आपले नाव दिले नाही. त्याने खापरी नळांची नहर बांधून पाणी दिले.

सर्वच नावे सत्तेच्या अहंकारातून येत नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे दलित जनतेने रक्त सांडले. ती मागणी खालून आली होती व तिच्यामागे माणुसकीचा हक्क होता. शहराच्या नामांतरामागील जनभावनाही क्षुल्लक लेखण्याचे कारण नाही. परंतु २०२२ च्या मे महिन्यात याच शहरात पाण्यासाठी मोर्चा निघाला आणि २९ जूनला मंत्रिमंडळाने निर्णय केला तो नावाचा! २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राची मान्यताही आली. तिकडे २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या ज्या पाणीयोजनेची पायाभरणी झाली, तिचा खर्च पुढे २,७४० कोटींवर गेला. नाव आठ महिन्यांत कागदावर पक्के झाले. जलवाहिनीला तेवढी घाई कोणी केली नाही. शासन, पालिका आणि ठेकेदार यांची भाषा एकमेकांस कळत नाही, असे समजावे काय? बिले मात्र सर्वांना वाचता येतात.

कार्यकर्त्यांनी आता नावाच्या वादात न अडकता हिशेब मागावा. जलवाहिनीवर किती खर्च झाला, काम किती उरले आणि कोणत्या वस्तीला किती दिवसांआड पाणी मिळते, याचा फलक पालिकेने दरमहा गुलमंडीच्या चौकात लावावा.