चिन्हाविना कौल

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो, ‘कोण निवडून आले?’ लगोलग दुसरा येतो, ‘कोणाचे निवडून आले?’ तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या ओठांवर येतो, ‘किती जणांच्या संमतीने निवडून आले?’ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस या महानगराने आपल्या नगरसेवकांच्या निवडणुकीत यातील दुसरा प्रश्न मतपत्रिकेवरून पुसून टाकला आहे आणि तिसऱ्याचे उत्तर बंधनकारक केले आहे. तेथे मतपत्रिकेवर पक्षाला स्थान नाही आणि निम्म्याहून अधिक मते मिळाल्याशिवाय कोणी नगरसेवक होऊ शकत नाही. स्थानिक स्वराज्याची चिंता वाहणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही प्रयोग तपासून पाहावेत, असे आम्हाला वाटते.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. सुमारे ३९ लाख लोकसंख्येच्या या शहराच्या सभागृहात नगरसेवक आहेत अवघे १५. म्हणजे एकेका प्रभागात साधारण २ लाख ६० हजार माणसे. २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी २४ लाख लोकसंख्येच्या मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि सरासरी ५५ हजारांमागे एक नगरसेवक आहे. लॉस एंजेलिसचा नगरसेवक म्हणजे आपल्याकडील आमदाराच्या तोलाचा लोकप्रतिनिधी. उमेदवाराने प्रभागातील किमान ५०० मतदारांच्या सह्या आणायच्या. मतपत्रिकेवर त्याचे नाव आणि त्याखाली तीन-चार शब्दांत त्याचा व्यवसाय छापला जातो. पक्षाचे नाव नाही, चिन्ह नाही. पहिल्या, म्हणजे प्राथमिक फेरीत कोणाला निम्म्याहून अधिक मते मिळाली तर तो तेथेच विजयी होतो. तसे झाले नाही तर पहिल्या दोघांत नोव्हेंबरमध्ये निर्णायक फेरी होते, तिलाच तेथे ‘रनऑफ’ म्हणतात. दोनच उमेदवार उरल्यामुळे विजेत्याच्या पाठीशी बहुमत असणे क्रमप्राप्त ठरते.

ही पद्धत निर्माण झाली ती पक्षशाहीच्या उबगातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मोठ्या शहरांचा कारभार पक्षांच्या स्थानिक ठेकेदारांच्या मुठीत गेला होता. न्यूयॉर्कमधील ‘टॅमनी हॉल’ हे त्याचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण. नोकऱ्या, कंत्राटे आणि मते यांची तेथे उघड देवाणघेवाण चाले. कॅलिफोर्नियात ‘सदर्न पॅसिफिक’ या रेल्वे कंपनीने राजकारण आपल्या दावणीला बांधले होते. याविरुद्ध सुधारणावादी नागरिक उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : नळाला पाणी आणणे, कचरा उचलणे, रस्ते धड ठेवणे, यांत पक्षभेदाला जागा कोठे आहे? लॉस एंजेलिसने १९०९ च्या सुमारास नगरसनदेत दुरुस्ती करून पक्षविरहित निवडणूक स्वीकारली. पुढे कॅलिफोर्निया राज्याने तोच नियम सर्व शहरे, परगणे, शालेय मंडळे आणि न्यायाधीशपदांनाही लागू केला.

आता या पहिल्या प्रयोगाचे फलित पाहू. २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या चौथ्या प्रभागात विद्यमान नगरसेवक डेव्हिड रियू यांच्यासमोर नित्या रामन उभ्या होत्या. रियू हे त्या सभागृहातील पहिले कोरियन वंशाचे सदस्य. रामन यांचा जन्म केरळमधला, शिक्षण नगररचनेचे, आणि चेन्नईतील झोपडपट्ट्यांच्या नागरी सुविधांवर त्यांनी काही काळ कामही केले होते. दोघेही डेमोक्रॅट. मतपत्रिकेवर कोणाचाच पक्ष नव्हता. परंतु रियू यांच्या पाठीशी हिलरी क्लिंटन आणि नॅन्सी पेलोसी होत्या, तर रामन यांच्या पाठीशी बर्नी सँडर्स आणि समाजवादी गटाचे कार्यकर्ते. रामन यांची विचारसरणी आमच्या वाचकांना पटण्याचे कारण नाही, पण येथे मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की मतपत्रिका कोरी असली तरी प्रचार कोरा नव्हता. चिन्ह गेले, पक्ष गेला नाही. तो केवळ मतपत्रिकेवरून उठून प्रचारपत्रकांत आणि देणगीदारांच्या यादीत जाऊन बसला.

याहून गंभीर अनुभव २०२२ मध्ये आला. प्रभाग-फेररचनेविषयी आदल्या वर्षी झालेल्या एका खासगी बैठकीचे ध्वनिमुद्रण त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये उघड झाले. सभागृहाच्या अध्यक्ष नूरी मार्टिनेझ, केविन डी लिऑन आणि गिल सेडिलो हे तीन नगरसेवक कोणत्या वांशिक गटाच्या हाती कोणता प्रभाग राहावा, याची आखणी करीत होते आणि सहकाऱ्यांविषयी, एका सहकाऱ्याच्या लहानग्या मुलाविषयीही, वंशद्वेषी भाषा वापरली गेली होती. मार्टिनेझ यांना राजीनामा द्यावा लागला. यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. विचारांवर उभ्या असलेल्या संघटनेला निवडणुकीतून हद्दपार केले म्हणजे राजकारण शुद्ध होते, असे नाही. रिकाम्या झालेल्या जागेत जात, वंश, पैसा आणि व्यक्तिमाहात्म्य शिरते.

हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. गावोगावी पॅनेले उभी राहतात, त्यांच्या नावांत विकास, परिवर्तन, एकता असे मंगल शब्द असतात, आणि कोणते पॅनेल कोणाचे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपल्या सरपंचांचा आकडा जाहीर करतो आणि या सर्वांची बेरीज केली तर ती राज्यातील ग्रामपंचायतींच्या संख्येपेक्षा अधिक भरावी, अशी स्थिती असते! पक्ष श्रेय घ्यायला पुढे येतो, जबाबदारी घ्यायला मात्र येत नाही. पाच वर्षांनी गावाची पाणीयोजना अर्धवट राहिली तर जाब विचारायचा कोणाला? ते पॅनेल तोवर विसर्जित झालेले असते. चिन्हासोबत उत्तरदायित्वही पुसले जात असेल, तर तो सौदा महागाचा आहे.

दुसरा प्रयोग, म्हणजे बहुमताचा आग्रह, मात्र वेगळ्या मोलाचा आहे. रियू आणि रामन यांच्याच लढतीकडे पुन्हा पाहा. मार्च २०२० च्या प्राथमिक फेरीत रियू सुमारे ४५ टक्के मते घेऊन आघाडीवर होते, रामन ४१ टक्क्यांवर होत्या. आपल्या पद्धतीने रियू त्याच रात्री विजयी ठरले असते. परंतु निम्म्याहून अधिक मतदारांनी विद्यमान नगरसेवकाला नाकारले होते, हे तेथील नियमाने विसरू दिले नाही. नोव्हेंबरच्या निर्णायक फेरीत रामन सुमारे ५३ टक्के मते घेऊन विजयी झाल्या. २००३ नंतर विद्यमान नगरसेवक पराभूत होण्याची ती पहिलीच वेळ होती. मार्च २०२४ मध्ये त्यांना प्राथमिक फेरीतच ५० टक्क्यांहून किंचित अधिक मते मिळाली आणि दुसऱ्या फेरीची गरज उरली नाही. त्याच दिवशी चौदाव्या प्रभागात आठ उमेदवारांच्या गर्दीत यसाबेल हुरादो आणि ध्वनिमुद्रणात सापडलेले केविन डी लिऑन यांना प्रत्येकी एक चतुर्थांशाच्या आतच मते मिळाली. एवढ्याशा मतांवर अडीच लाखांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणालाच मिळाला नाही. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी हुरादो यांना स्पष्ट बहुमत दिले आणि डी लिऑन यांना घरी बसवले.

अर्थात दुसरी फेरी म्हणजे न्यायाची हमी नव्हे. याच शहराच्या महापौरपदासाठी १९६९ मध्ये कृष्णवर्णीय नगरसेवक टॉम ब्रॅडली उभे होते. आयुष्याची दोन दशके पोलीस दलात घालवलेला हा गृहस्थ प्राथमिक फेरीत ४२ टक्के मते घेऊन पुढे होता, विद्यमान महापौर सॅम यॉर्टी २६ टक्क्यांवर होते. पुढच्या काही आठवड्यांत यॉर्टी यांनी ब्रॅडली म्हणजे अतिरेक्यांचे हस्तक, अशी भीती पसरवली आणि निर्णायक फेरी ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी जिंकली. बहुमत जसे विवेकाने घडते तसे भीतीनेही घडते. परंतु चारच वर्षांनी, १९७३ मध्ये, त्याच दोघांत पुन्हा निर्णायक फेरी झाली, ब्रॅडली जिंकले आणि पुढे सलग २० वर्षे महापौर राहिले. त्यांच्या अधिकारावर ‘मते फुटली म्हणून आला’ असा डाग कोणालाही लावता आला नाही.

या पद्धतीचा खरा दोष दुसराच आहे : मतदाराचा थकवा. महापालिकेची निवडणूक विषम वर्षांच्या वसंतात एकटी होत असे, तेव्हा लॉस एंजेलिसमधील मतदान कधीकधी दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत असे. दहातील एक माणूस मत देतो आणि त्यातील निम्म्यांहून अधिकांचा प्रतिनिधी ‘बहुमताचा’ म्हणवला जातो, हा विनोदच. २०१५ मध्ये तेथील मतदारांनीच सनद बदलली आणि २०२० पासून या निवडणुका राज्य व राष्ट्राच्या निवडणुकांना जोडल्या. सिएटलने अल्प मतदानाच्या प्राथमिक फेरीत अंतिम निकाल लागूच द्यायचा नाही, असे ठरवले. तेथे पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये समोरासमोर येतातच. सॅन फ्रान्सिस्कोने २००४ पासून दुसरी फेरीच रद्द केली. मतदार एकाच मतपत्रिकेवर पहिली, दुसरी, तिसरी पसंती नोंदवतो.

हा पसंतीक्रम आपल्याला परका नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिले आहे, त्यांनी तो स्वहस्ते लिहिला आहे, आणि मतमोजणीच्या टेबलाशी ज्यांनी रात्र जागवली आहे, त्यांना दुसऱ्या पसंतीची किंमत नेमकी ठाऊक आहे. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीवर कोटा गाठू शकले नव्हते. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर ते ४,२०,०७७ मतमूल्यासह विजयी झाले, नीलम संजीव रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. राष्ट्रपतीला बहुमत हवे, पदवीधरांच्या आमदाराला ठरलेला कोटा हवा, आणि गावच्या सरपंचाला मात्र २५ टक्के पुरेत, या विसंगतीचे समर्थन कसे करायचे?

२०२२ मधील निर्णयाने सरपंच आणि नगराध्यक्ष पुन्हा थेट जनतेतून निवडले जाऊ लागले. एका व्यक्तीच्या हाती संपूर्ण गावाचा वा शहराचा कारभार सोपवायचा, तर तिच्यामागे निम्मे गाव तरी उभे असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. दोन वेळा मतदान घेण्याचा खर्च आणि यंत्रणेवरचा ताण मोठा आहे, हे मान्य. मतदान यंत्रावर पसंतीक्रम नोंदवण्यासाठी वेगळी रचना लागेल, हेही मान्य. म्हणूनच राज्यभर घाई करण्याऐवजी थेट निवडीच्या मोजक्या पदांपासून या विषयाचा अभ्यास सुरू व्हावा, एवढीच आमची सूचना आहे. पक्षविरहिततेचे अनुकरण मात्र नको. पक्षाने उघडपणे उभे राहावे, चिन्ह मिरवावे आणि त्या चिन्हाच्या नावाने जाबही द्यावा.

एक गोष्ट कायद्याची वाट न पाहताही करता येण्यासारखी आहे. निर्णायक फेरीतील उमेदवाराला सर्वांत आधी कोणाकडे जावे लागते? ज्यांनी त्याला पहिल्या फेरीत मत दिले नाही, त्यांच्याकडे. ज्या घराने तोंडावर दार लावले, त्याच घराची कडी पुन्हा वाजवावी लागते आणि या वेळी बोलण्यापेक्षा ऐकावे अधिक लागते. आपल्याकडील कार्यकर्ता मतदारयादीत ‘आपले’, ‘विरोधातले’ आणि ‘काठावरचे’ अशा खुणा करतो आणि विरोधातल्या घरांवरून पुढे निघून जातो. तीस टक्क्यांत जिंकता येत असेल, तर उरलेल्या सत्तरांकडे जाण्याची तसदी कोण घेणार? पुढच्या निवडणुकीला यादी हाती येईल तेव्हा त्या खुणा बाजूला ठेवून प्रत्येक दार वाजवावे. विजय तीस टक्क्यांनीही मिळेल. प्रभाग मात्र तेवढ्याने आपला होत नाही.