विजयदुर्गावरचे अप्रिय पान

सुट्ट्या लागल्या की पुण्यातील अनेक कुटुंबे कोकणची वाट धरतात. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाच्या सूचीत स्थान दिले. त्यात वाघोटन खाडीच्या मुखावर उभा असलेला विजयदुर्गही आहे. त्याची तिहेरी तटबंदी पाहून मुलांची छाती अभिमानाने फुलते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच तटावर उभे राहून मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारण ती पुण्याशी निगडित आहे.

छत्रपती शिवरायांनी उभारलेल्या आरमाराचा दरारा कान्होजी आंग्रे यांनी पश्चिम किनाऱ्यावर कायम केला. १७२९ मध्ये ते निवर्तले आणि पुढे त्यांच्या पुत्रांत भाऊबंदकी माजली. विजयदुर्गकर तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीनासे झाले. तुळाजींचा उद्दामपणा खरा होता. पण नानासाहेब पेशव्यांनी योजलेला उपाय रोगाहून घातक ठरला. त्यांनी इंग्रजांना साह्यास घेतले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला, आग पसरत गेली आणि आंग्र्यांचे आरमार भस्मसात झाले. किल्ल्यातील संपत्ती इंग्रजांनी लुटली. किल्ला पेशव्यांना परत मिळाला, पण त्यासाठी बाणकोट द्यावे लागले.

विजयदुर्गावर पुढे धुळपांनी आरमार सांभाळले, तरी इंग्रजांना वचक बसवणारे ते सामर्थ्य पुन्हा उभे राहिले नाही. अवघ्या १६ महिन्यांनी त्याच क्लाइव्हने प्लासी जिंकली. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. घरचा तंटा मिटवण्यासाठी परक्याला उंबरठ्याच्या आत घेतले, की तो तंट्यासोबत घरही गिळतो.

या कथेचा उत्तरार्धही पुण्यातच पाहायला मिळतो. लष्कर भागातील, नागरिकांच्या देणग्यांतून साकारलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात कारगिलच्या युद्धातील मिग विमानाबरोबर ‘त्रिशूल’ या युद्धनौकेची प्रतिकृती आहे. डिसेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरील कारवाईत या नौकेचे नौसैनिक लढले. गोवामुक्तीची ती मोहीम पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडचे प्रमुख जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखाली झाली. भूदल, नौदल आणि वायुदल एका निशाणाखाली उतरले आणि ४५१ वर्षांची पोर्तुगीज सत्ता दोन दिवसांत संपुष्टात आली.

म्हणूनच शाळेच्या सहलीने आणि घरच्या प्रवासाने ही दोन्ही ठिकाणे जोडून पाहावीत. किल्ल्याच्या माहितीफलकावरून आणि वाटाड्याच्या तोंडून १७५६ चे पान गळू नये. विजयाची पाने अभिमान देतात. शहाणपण मात्र अशा अप्रिय पानांतूनच येते. आरमार जळाले तेव्हा विजयदुर्गाचा तट शाबूत होता. तडा गेला होता तो घरातल्या एकीला.